महापुरासाठी रबर बोट आणि मोटार घेताय? आधी माणसं मोजा

सांगलीत आयर्विन पुलाखाली पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा पातळी आणि ४५ फुटांवर गेलं की धोका पातळी, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये हे पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं. त्याच दिवसांत, ८ ऑगस्टला, पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला पूरग्रस्तांना घेऊन निघालेली बोट उलटली. बोटीत झेपतील त्यापेक्षा कितीतरी जास्त माणसं होती. बायका होत्या, लेकरं होती. कृष्णाकाठचा माणूस तो दिवस विसरणार नाही.

आमचं गाव त्याच तालुक्यात, नदीला लागून. त्या पुरानंतर आमच्या तरुण मंडळाने वर्गणी काढून रबर बोट घेतली. पुढे दुसरी घेतली. पहिल्या वेळी काय चुकलं ते दुसऱ्या वेळी दुरुस्त केलं. आता आसपासच्या गावांतून फोन येतात आणि पहिला प्रश्न बहुतेक एकच असतो, "दादा, किती एचपीची मोटार घेऊ?" हा प्रश्न खरं तर सगळ्यात शेवटी विचारायचा. बोट किती माणसं नेणार ते आधी ठरवायचं, त्यावरून बोट, बोटीवरून मोटार आणि मोटारीवरून पेट्रोल. हा क्रम उलटा केला की पैसे जातात, आणि पुरात त्याहून मोठं काही जातं.

रबर बोटच का

आमच्याकडे पूर्वी गुळाच्या काहिलीतून माणसं काढायचे. काहिल तरंगते खरी, पण गरगर फिरते आणि एका बाजूला वजन गेलं की पाणी घेते. फायबर बोट मजबूत असते, उसाच्या बुडख्यांना आणि दगडांना दाद देत नाही. पण ती पाण्यापर्यंत न्यायला ट्रॉली लागते आणि गल्लीत वळवताना भिंतींना आदळते. पुराचं पाणी सलग नसतं. मध्येच रस्त्याचा उंचवटा लागतो, तिथे उतरून बोट उचलायची आणि पलीकडे टाकायची. पाच-सहा जणांनी उचलता येणारी, गुडघाभर पाण्यात चालणारी आणि आत पाणी भरलं तरी हवेच्या नळ्यांवर तरंगत राहणारी बोट म्हणजे रबर बोट. तिचा शत्रू एकच, टोकदार लोखंड. आपल्या भागात ते भरपूर आहे. द्राक्षबागांचे अँगल आणि तारा, कुंपणाचे काटे, पत्र्याच्या शेडचे कोपरे, सगळं पाण्याखाली दिसेनासं होतं. म्हणून कापड आणि हवेचे कप्पे निवडताना कंजुषी करू नका.

माणसं मोजा, वजन लिहा

प्रत्येक चांगल्या बोटीच्या मागच्या फळीवर एक पट्टी चिकटवलेली असते. तिच्यावर चार आकडे बघायचे: माणसं किती, एकूण वजन किती, मोटार जास्तीत जास्त किती एचपीची आणि मोटारीचं वजन किती चालेल. पट्टी नसलेली बोट दुकानातून उचलूच नका, कितीही स्वस्त मिळो.

पट्टीवरचा माणसांचा आकडा साधारण ७५ किलोचं एक माणूस धरून काढलेला असतो, तोही शांत पाण्यासाठी. आता पुरातली स्थिती बघा. माणूस ओलाचिंब. हातात पिशवी, डोक्यावर ट्रंक. भरलेली गॅसची टाकी जवळपास ३० किलोची. मागच्या पुरात एका पत्र्यावर बसलेली आज्जी मला म्हणाली, "दादा, आधी शेळी न्या, मग मी येते." ती बोटीत यायलाच तयार होईना. शेवटी शेळी घेतली आणि आज्जीच्या मुलाला पुढच्या फेरीसाठी थांबवलं. त्याने ते ऐकलं, कारण पुढची फेरी येणार याची त्याला खात्री होती. बोटीवर गर्दी होते ती ही खात्री नसते तेव्हा.

आमचा नियम असा आहे. पट्टीवर आठ लिहिलं असेल तर बोटीत एकूण सहा माणसं, आणि त्या सहात चालवणारा आणि पुढे बसलेला मदतनीस धरून. म्हणजे एका फेरीला चार माणसं सुटतात. ऐकायला कमी वाटतं. पण चारच्या दहा फेऱ्या सुखरूप होतात.

या हिशेबाने लांबी ठरते. ३.३ मीटरची बोट चार-पाच जणांची, ती तळ्यावर किंवा मासेमारीला ठीक. ३.८ मीटरची साधारण सहा जणांची. ४.२ ते ४.३ मीटरची आठ जणांची. गावाच्या कामाला ४.२ मीटरच्या आतली घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. ५ मीटरच्या वर गेलात तर ती अरुंद गल्लीत वळत नाही आणि चार-पाच पोरांना उचलत नाही. लांबीइतकाच नळीचा व्यास महत्त्वाचा. जाड नळीची बोट उंच तरंगते आणि काठावर कुणी बसलं तरी कलत नाही.

कापड, कप्पे, तळ

कापड दोन प्रकारचं मिळतं, पीव्हीसी आणि हायपॅलॉन. पीव्हीसी स्वस्त, हलकं, सांधे गरम करून जोडलेले. हायपॅलॉन महाग, सांधे चिकटवलेले, पण ऊन आणि पेट्रोलचे डाग जास्त वर्षं सोसतं. बोट वर्षातले अकरा महिने गोडाउनमध्ये घडी करून राहणार असेल आणि फक्त पावसात निघणार असेल, तर जाड पीव्हीसी पुरतं. घाटावर उन्हात कायम फुगवून ठेवणार असाल तर हायपॅलॉनचे पैसे वसूल होतात. पीव्हीसी घेतलंत तर नळीचं कापड ०.९ मिलिमीटर किंवा त्याहून जाड असावं. तळाला घासणाऱ्या भागावर जादा पट्टी हवी, ती बोटाने उचकटून बघा. रंग नारिंगी किंवा लाल घ्या. गढूळ पाण्यात राखाडी बोट लांबून दिसत नाही.

बाजूच्या नळीत हवेचे कमीत कमी तीन वेगळे कप्पे हवेत, आणि मधली कण्याची नळी वेगळी. एक कप्पा फुटला तरी उरलेल्यांवर माणसं काठाला लागली पाहिजेत. दुकानदाराला एका कप्प्यातली हवा सोडून बोट दाखवायला सांगा. तो का-कू करायला लागला तर दुसरं दुकान बघा.

तळाबद्दल लोक फारसा विचार करत नाहीत आणि तिथेच पस्तावतात. पट्ट्यांचा गुंडाळी तळ फक्त दोन-तीन जणांच्या हौशी बोटीला. हवेचा तळ हलका, बोट दहा-पंधरा मिनिटांत तयार होते आणि गुडघ्यांनाही बरं वाटतं. पण एक तार टोचली की पायाखालचा आधार जातो. प्लायवूडचा तळ भक्कम, मात्र ओला ठेवला की कुजतो. पूरकामाला अॅल्युमिनियमच्या फळ्यांचा तळच घ्या. म्हाताऱ्या माणसाला खुर्चीसकट बोटीत ठेवता येतं आणि फळी निसटत नाही. जोडायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, एवढाच त्याचा तोटा.

बोट ताब्यात घेण्याआधी सगळे कप्पे भरून रात्रभर सावलीत ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी मीटर लावून दाब बघायचा. बाजूच्या नळ्यांचा दाब बहुतेक बोटींत ०.२५ बार, म्हणजे साडेतीन पीएसआयच्या आसपास असतो. हवा भरताना एक कप्पा टम्म आणि शेजारचा रिकामा असं करू नका, मधला पडदा ताणून फाटतो. सगळे थोडे थोडे भरत आणा. उन्हात तापमान एका अंशाने चढलं की दाब साधारण ४ मिलिबारने चढतो. सकाळी गारव्यात काठोकाठ भरलेली बोट दुपारी २० अंश जास्त तापली तर २५० मिलिबारचे ३३० होतात आणि सांधे सुटायला लागतात. उलट, उन्हात भरलेली बोट थंड पाण्यात टाकली की मऊ पडते. म्हणून पंप आणि दाबाचं मीटर कायम बोटीसोबत ठेवायचं.

मोटारीची दांडी: आमची पहिली चूक

पहिली मोटार आम्ही जुनी घेतली. विकणाऱ्याने सांगितलं, कुठल्याही बोटीला बसते. बसली, पण मोटारीच्या दांडीची लांबी आम्ही मोजलीच नव्हती. आखूड दांडी १५ इंचाची, लांब दांडी २० इंचाची. आमच्या बोटीची फळी १५ ची आणि मोटार २० ची निघाली. पाच इंच जास्तीचा पाय पाण्यात लोंबकळत राहिला. सरळ नदीत ते जाणवलं नाही. उसाच्या शेतावरून जाताना मात्र सरीच्या वरंब्यांना पंखा सारखा घासायचा. एका दिवसात पंख्याची तिन्ही पाती वाकली.

तुम्ही असं करा. टेप घ्या आणि मागच्या फळीच्या मधोमध, वरच्या कडेपासून तळापर्यंत मोजा. बाजूला मोजू नका, मध्ये फळीला खाच असते. मोटार टांगल्यावर पंख्याच्या वरची आडवी पत्ती बोटीच्या तळाच्या साधारण एक इंच खाली यायला हवी. ती वर राहिली तर पंखा हवा ओढतो आणि मोटार नुसती ओरडते. जास्त खाली गेली तर आमच्यासारखी गत होते.

आता एचपी

मोटारीची ताकद दोन गोष्टींवर खर्च होते, वजन आणि प्रवाह. प्रवाह मोजायला उपकरण लागत नाही. काठावर १० मीटर अंतर मोजा, वरच्या टोकाला लाकडाचा तुकडा टाका आणि घड्याळ बघा. पाच सेकंदांत तो खालच्या टोकाला आला तर पाणी ताशी ७ किलोमीटरच्या वर चाललंय. चार मीटरची बोट पाणी कापत चालते तेव्हा तिचा वेग ताशी ८ किलोमीटरच्या आसपास अडतो, मागे कितीही लाट उठवली तरी. म्हणजे अशा प्रवाहाविरुद्ध तुम्ही तासाला जेमतेम एक किलोमीटर सरकता. अर्धा किलोमीटर वर जायला अर्धा तास, आणि तेवढं पेट्रोल. या अडणीतून सुटायचं तर बोट नाक वर करून पाण्यावर चढली पाहिजे, आणि त्याला लागते ती खरी ताकद.

ढोबळ हिशेब असा की दर २५ किलोला १ एचपी धरायची. ४.३ मीटरची बोट ९० किलो, मोटार ५०, पेट्रोल आणि टाकी २०, दोर-जॅकेटं-सामान ३०, सहा माणसं ४५०. बेरीज ६४०. म्हणजे २५ एचपी. ३.८ मीटरच्या बोटीला १५ एचपी लावलीत तर ती दोन-तीन माणसांनिशी झकास पळते, सहा जणांना घेऊन मात्र पाणी कापतच चालते. तेही चालेल, पण गल्लीतल्या संथ पाण्यात. सांगली शहरातल्या कर्नाळ रोड, सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर अशा भागात पाणी घरात शिरतं, पण नदीसारखं ओढत नाही. तिथे १५ एचपी पुरते. मूळ पात्राजवळ किंवा ओढा नदीला मिळतो तिथे नाही. आणखी एक, सांगली समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. एवढ्या उंचीवर हवा विरळ असल्याने मोटारीची पाचेक टक्के ताकद कमी होते. पट्टीवरच्या कमाल एचपीच्या पुढे तरीही जाऊ नका. जड मोटारीने बोट मागून दबते आणि लाटेचं पाणी फळीवरून आत येतं.

टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक, यावर आमच्या मंडळात दोन तट आहेत. टू-स्ट्रोक हलकी. १५ एचपीची साधारण ३६ ते ३८ किलो, दोघे सहज उचलतात. आणि ज्या मिस्त्रीने जुनी आरएक्स १०० खोलली आहे तो हिचा कार्ब्युरेटरही साफ करतो. फोर-स्ट्रोक त्याच ताकदीला ४५ ते ५० किलो, पण पेट्रोल कमी पिते आणि आवाज कमी करते. हा आवाजाचा मुद्दा मला फार मोठा वाटतो. रात्री छतावरून कुणी हाक मारत असेल तर ती ऐकू आली पाहिजे. तरीही गावासाठी मी टू-स्ट्रोकच सुचवतो, कारण पुरात रस्ते बंद असतात आणि मोटार गावातच दुरुस्त व्हावी लागते. हाक ऐकायला दर काही मिनिटांनी मोटार बंद करायची शिस्त लावून घ्या.

सुरू करायला दोरीच हवी, बटण असलं तर असू दे. वळवायला हातातला दांडा. बॅटरीच्या मोटारी तळ्यावर छान. १२ व्होल्टची, ५५ पौंड जोराने ढकलणारी मोटार १०० अॅम्पिअर-तासाच्या बॅटरीवर पूर्ण जोराने दोनेक तास चालते. तिची ताकद १ एचपीच्या आसपास. पुरात तिचं काम नाही.

पंखा, थंडावा, दोरी

ओझं ओढायला कमी पिचचा, म्हणजे एका फेऱ्यात बोट कमी अंतर पुढे ढकलणारा पंखा मागा. त्याने वेग घटतो, पण भरलेली बोट जागची हलते. जादा पंखा, त्याची पिन, प्लग आणि पाना एका डब्यात घालून तो डबा बोटीला बांधून ठेवा. पंख्याभोवती जाळीचं कडं घ्याच. वेग थोडा कमी होईल, पण तुम्ही पाण्यातल्या माणसाजवळ जाणार आहात. जाळी असली तरी माणसाला वर घेताना मोटार पूर्ण बंद करायची, न्यूट्रलवर भागवायचं नाही. जवळ जाताना बोटीचं नाक नेहमी प्रवाहाकडे.

मोटार बाहेरचं पाणी ओढून स्वतःला थंड ठेवते आणि मागून एक बारीक धार सोडते. चालवणाऱ्याने दर मिनिटाला मागे वळून ती धार बघायची. २०२१ च्या पुरात आमची धार हळूहळू सुतासारखी बारीक झाली, मग नुसते थेंब, मग कोमट वाफ. मी मोटार बंद केली, मदतनीसाने लिंबाच्या फांदीला दोर टाकला. मोटार उचलून बघितली तर पाणी ओढायच्या जाळीवर दुधाची रिकामी पिशवी चिकटलेली. काढली, पाच मिनिटं थांबलो, पुन्हा धार आली. धार बघितली नसती तर पिस्टन जाम झाला असता. गाळाच्या पाण्याने आतला रबरी पंप झिजतो. तो दरवर्षी बदला, कितीही कमी तास चालली असली तरी.

चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा जॅकेटला बांधायची लाल दोरी असते, ती ओढली गेली की मोटार बंद पडते. ती न बांधता मोटार सुरू करू द्यायची नाही. माणूस पाण्यात पडला आणि बोट तशीच फिरत राहिली, तर ती त्याच्यावरच येते.

ऊस आणि द्राक्षबागेवरून जाताना मोटार वर उचला आणि वल्ही किंवा लांब बांबू वापरा. बागेच्या तारा पंख्यात गुंतल्या तर सोडवता सोडवता बोट अँगलवर जाते. विजेच्या तारा हे दुसरं संकट. एरवी डोक्यावर असलेल्या तारा पुरात हाताशी येतात. महावितरणकडून वीज बंद असल्याची खात्री झाल्याशिवाय खांबांच्या रांगेत शिरू नका. बंधाऱ्यांपासून तर लांबच राहा. पूर वाढताना म्हैसाळ, डिग्रज अशा बंधाऱ्यांवर पाणी खाली पडून उलटं फिरतं. त्या भोवऱ्यातून २५ एचपीची मोटारही बाहेर काढत नाही.

पेट्रोल आणि कागद

टू-स्ट्रोकला ५० ला १ असं प्रमाण असेल तर लिटरला २० मिली ऑइल. काही मोटारींचं प्रमाण वेगळं असतं आणि नव्या मोटारीला सुरुवातीचे तास जास्त ऑइल लागतं, ते पुस्तिकेत बघूनच ठरवा. २५ एचपीची टू-स्ट्रोक पूर्ण जोराने तासाला १० ते १२ लिटर पिते. म्हणजे २५ लिटरची टाकी दोन तासांची. त्यातला एक भाग जायला, एक यायला आणि एक राखीव. राखीव भागाला हात लागला की फेरी संपली, पुढे कुणीही हाक मारो. पेट्रोलमधलं इथेनॉल ओलावा धरतं, म्हणून मागच्या वर्षीचं पेट्रोल मोटारीत घालू नका. टाकीत कचरा आणि पाणी अडवणारा फिल्टर जरूर लावा.

मोटारीवर चालणाऱ्या बोटीला अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ लागू होतो. नोंदणी, तपासणी आणि विम्याची चौकशी महाराष्ट्र सागरी मंडळाकडे खरेदीच्या आधीच करा आणि बोटीची माहिती तहसील कार्यालयात लिहून द्या. पूर आल्यावर कुठली बोट कुठे पाठवायची हे तिथून ठरतं.

जॅकेटं बोटीच्या बजेटमध्येच धरा, नंतर घेऊ म्हणू नका. तोंड वर ठेवणारी, तरंगवायची ताकद १०० न्यूटन किंवा त्याहून जास्त असलेली. लहान मुलांची वेगळी, पायांमधून पट्टा असलेली. मोठ्याचं जॅकेट लेकराला घातलं की लेकरू खाली आणि जॅकेट वर राहतं.

मृगाच्या आधी

आमची बोट दर गुढीपाडव्याला गोडाउनमधून बाहेर निघते. हवा भरायची, साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे, फळ्या जोडायच्या. मोटार पाण्याच्या पिंपात उभी करून पंधरा मिनिटं चालवायची, कोरडी कधीच नाही. ठेवताना बोट धुऊन, पूर्ण वाळवून, टाल्कम पावडर मारून, जमिनीपासून उंच ठेवायची. आमच्या पहिल्या बोटीची एक घडी उंदरांनी कुरतडली होती. तेव्हापासून ती पत्र्याच्या पेटीत असते. मोटार उभीच टांगलेली ठेवा. फोर-स्ट्रोक आडवी नेताना पुस्तिकेत सांगितलेली बाजूच खाली घ्यायची, नाहीतर ऑइल सिलिंडरमध्ये जातं.

मग मे महिन्यात नदीवर चाचणी. सिमेंटच्या रिकाम्या पिशव्यांत ५० किलो वाळू भरायची आणि एकेक पिशवी बोटीत चढवत प्रवाहाविरुद्ध जायचं. प्रत्येक फेरीचा वेळ वहीत लिहायचा. आमची बोट नऊ पिशव्यांपर्यंत पाण्यावर चढली, दहाव्या पिशवीला नाक वर करून अडकली. नऊ पिशव्या म्हणजे ४५० किलो, म्हणजे सहा माणसं. तो सहाचा आकडा आम्ही मागच्या फळीच्या आतल्या बाजूला वीतभर उंचीचा रंगवला आहे, बोटीत चढणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असा. त्याच्याखाली लिहिलंय, "पुढची फेरी येते."